लोखंडी रस्त्याचे शब्द

बदलीच्या हुकुमाबरोबर परमुलखात आलेल्या आम्हा नोकरदारांचा ज्या इंग्रजी शब्दांशी सर्वांत जुना नि निकटचा परिचय आहे, ते शब्द कचेरीतले नव्हेत, रेल्वेचे आहेत. 'फाईल', 'मेमो', 'नोटिंग' हे शब्द आम्ही नोकरी लागल्यावर शिकलो. 'स्टेशन', 'गार्ड', 'सिग्नल', 'जंक्शन' हे मात्र आईच्या कडेवर बसून शिकलो. इतक्या लहानपणी कानी पडलेला शब्द परका वाटत नाही, आणि जो परका वाटत नाही त्याचे कुलशील कोणी विचारीत नाही. ते विचारू गेल्यास एक मौजेची गोष्ट ध्यानात येते. हे शब्द आपल्याकडे जसे उसने आले, तसे ते इंग्रजीतही रेल्वेने उसनेच घेतलेले आहेत. आगगाडी ही वस्तूच इतकी नवी होती की तिच्या अंगोपांगांस नावे नव्हती. तेव्हा तिने कोळशाच्या खाणीकडे, जहाजाकडे, कालवे खणणाऱ्यांकडे आणि घोड्यांच्या टपालगाडीकडे हात पसरला, नि मिळेल तो शब्द उचलला.

पहिला शब्द 'रेल'. इंजिनाच्या पुष्कळ आधीचा तो आहे. इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळ वुलटन येथे हंटिंग्डन बोमाँट नावाच्या गृहस्थाने १६०४ साली खाणीतला कोळसा वाहून नेण्यासाठी लाकडी वाशांची वाट बांधली. तीवरून घोडे गाडे ओढीत. मातीच्या रस्त्यावर पावसाळ्यात चाक रुतते, वाशावर रुतत नाही, एवढाच त्यामागचा विचार. कुंपणाच्या आडव्या दांड्याला जो शब्द होता तोच ह्या आडव्या वाशाला लागला. त्याचे मूळ जुन्या फ्रेंचमधून लॅटिनमधील 'रेगुला' ह्या शब्दापर्यंत जाते. 'रेगुला' म्हणजे सरळ पट्टी. ह्याच 'रेगुला'पासून इंग्रजीत 'रूल' हाही शब्द झाला, म्हणजे नियमही आणि रेघ आखण्याची पट्टीही. आता मराठीकडे पाहावे. जुन्या कचेऱ्यांतील कारकुनाच्या मेजावर रेघा आखण्यासाठी जो लाकडी गोल दांडा असे, तो 'रूळ'. आणि आगगाडी ज्यावरून धावते तोही 'रूळ'. लॅटिनमध्ये जे दोन अर्थ एका घरात नांदत होते आणि इंग्रजीत ज्यांची वाटणी झाली, ते मराठीत येऊन पुन्हा एकत्र झाले. लॅटिनचे एक अक्षरही ठाऊक नसलेल्या माणसांनी हे केले, म्हणून आम्हांस ह्याचे विशेष कौतुक वाटते.

वास्तविक आरंभी मराठीने 'रूळ' ह्या एका शब्दावर सगळा भार टाकला नव्हता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी सुटली, चौदा डबे आणि सुमारे चारशे निमंत्रित मंडळी घेऊन. त्या काळच्या लिखाणात ह्या नव्या प्रकरणास 'लोखंडी रस्ता' म्हणत. कृष्णशास्त्री भाटवडेकरांच्या पुस्तकाच्या नावातच हा शब्द आहे. फ्रेंच लोक रेल्वेला 'शमँ द फेर' म्हणतात, जर्मन 'आयझेनबान' म्हणतात, पोर्तुगीज 'कामिन्यु द फेर्रु' म्हणतात (मुरगावची गाडी सुरू झाल्यावर गोव्यातही सरकारदरबारी हाच शब्द होता), आणि ह्या सर्वांचा अर्थ लोखंडी रस्ता असाच आहे. म्हणजे युरोपच्या बहुतेक भाषांनी जे पाहिले तेच मराठीनेही आपल्या डोळ्यांनी पाहिले. पुढे 'लोखंडी रस्ता' मागे पडला आणि 'आगगाडी' व 'रेल्वे' उरल्या. बोलणाऱ्याला दोन-चार अक्षरांत काम भागत असता पाच अक्षरे कोण खर्चील?

इंग्रजीत रुळांचे काम करणाऱ्या मजुरास फार दिवस 'प्लेटलेअर' म्हणत. म्हणजे पत्रे अंथरणारा. वस्तुतः रुळात पत्रा कोठेच नाही. पण अठराव्या शतकाच्या अखेरीस शेफील्डच्या जॉन कर ह्याने खाणीत काटकोनात वळवलेले बिडाचे पत्रे वापरले होते. चाक साधे आणि पत्र्याला कड, अशी ती योजना. पुढे कड पत्र्यावरून चाकाला आली, पत्रे गेले, उभट रूळ आले. तरी ते बसवणारा 'पत्रे अंथरणारा'च राहिला. आपल्याकडे ह्या मजुरास 'गँगमन' हे नाव मिळाले. 'गँग' म्हटले की दरवडेखोरांची टोळी डोळ्यांपुढे येते. पण जुन्या इंग्रजीत ह्या शब्दाचा अर्थ 'चालणे', 'जाणे' असा होता. तो अर्थ आमच्या गँगमनास जितका शोभतो तितका दुसऱ्या कोणास शोभणार नाही. गँगमधला 'कीमन' रोज आपल्या हद्दीतली लाइन पायी तपासतो. पूर्वी रूळ बैठकीत घट्ट राहावा म्हणून पाचरी मारीत. त्या पाचरीस 'की' म्हणत, आणि सैल झालेली पाचर हातोड्याने पुन्हा ठोकणारा तो 'कीमन'. आता बहुतेक ठिकाणी पाचरींच्या जागी पोलादी स्प्रिंगच्या पकडी आल्या. चावी गेली, चावीवाला मात्र अजून उन्हापावसात चालतोच आहे.

ह्या सर्व रचनेला, म्हणजे रूळ, त्याखालचे आडवे ओंडके आणि खडी मिळून जे होते त्याला, इंग्रजीत 'पर्मनंट वे' म्हणतात. हा शब्द परक्यास चमत्कारिक वाटतो, कारण रस्ता कायमचाच असावयाचा. त्याचे कारण असे की लाइन बांधताना माती वाहण्यासाठी कंत्राटदार आधी एक हंगामी रूळमार्ग टाकी. काम पुरे झाले म्हणजे तो उखडून खरा मार्ग बसवीत. पहिला 'टेंपररी', दुसरा 'पर्मनंट'. ह्या दोन शब्दांतला भेद केंद्र सरकारच्या नोकरास कोणी समजावून सांगावयास नको!

समुद्राकडून घेतलेले शब्द त्याहून मनोरंजक आहेत. रुळांखालची खडी म्हणजे 'बॅलास्ट'. हा शब्द मूळ गलबताचा. माल नसताना गलबत कलंडू नये म्हणून त्याच्या तळाशी जे दगडगोटे भरीत ते बॅलास्ट. टाइन नदीवरून कोळसा नेणारी गलबते परत येताना असले दगडगोटे घेऊन येत आणि काठावर ओतीत. तेच जवळच्या खाणवाटांवर पसरले गेले, असे ह्या शब्दाविषयी सांगतात. 'फिशप्लेट'ची कथा तर निश्चितच गलबती आहे. डोलकाठीला तडा गेला म्हणजे तिला दुसरे लाकूड जोडून बांधीत. ह्या जोडाला खलाशांच्या भाषेत 'फिश' म्हणत. माशाशी त्याचा संबंध नाही, तो फ्रेंचमधून आलेला शब्द आहे. १८४७ साली विल्यम ब्रिजेस अॅडम्सने दोन रुळांची टोके दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावून जोडण्याची युक्ती काढली, तेव्हा तिला हेच नाव पडले. वर्तमानपत्रांतून कोठे फिशप्लेटी काढल्या गेल्या, गाडी घसरली, असे आपण वाचतो. १९४२च्या चळवळीत हा शब्द खेड्यापाड्यांतल्या अशा माणसांनाही पाठ झाला होता, ज्यांना इंग्रजीतला दुसरा शब्द येत नव्हता. आणि आपल्याकडेही समुद्राने रेल्वेस शब्द दिलाच. रेल्वेच्या कारखान्यांत व विभागांत जड सामान हलवणारा तो 'खलाशी'. ज्याने जन्मात समुद्र पाहिला नाही असा झांशीचा माणूस आयुष्यभर खलाशी म्हणून पगार घेऊन निवृत्त होई.

रुळांखालच्या आडव्या ओंडक्यास इंग्लंडात 'स्लीपर' म्हणतात, अमेरिकेत 'टाय'. एकाच्या दृष्टीने तो निजला आहे, दुसऱ्याच्या दृष्टीने त्याने दोन्ही रूळ एकत्र बांधले आहेत. अमेरिकनांनी रेल्वेची बहुतेक नावे अशीच निराळी पाडली. इंग्लंडातला सांध्याचा 'पॉइंट' तिकडे 'स्विच' झाला, 'गुड्स' तिकडे 'फ्रेट' झाले. हिंदुस्थानाने मात्र इंग्लंडचीच परंपरा जपली, आणि काही बाबतींत खुद्द इंग्लंडहून अधिक निष्ठेने. स्लीपरचे प्रकरण केवळ शब्दापुरते राहिले नाही. मैलास दीड-दोन हजार ओंडके लागत. सागवान, साल आणि हिमालयातले देवदार ह्यांची बेसुमार तोड झाली. देवदाराचे ओंडके पंजाबातल्या नद्यांतून वाहत खाली आणीत. लाकूड पुरेनासे होईल ही चिंता सरकारला लागली, आणि १८६४ साली डीट्रिच ब्रँडिस ह्या जर्मन वनशास्त्रज्ञाच्या हाताखाली वनखाते उभे राहिले. जंगलावरचा गावकऱ्यांचा पिढीजात हक्क पुढे कायद्याने आवळला गेला, त्याच्या कारणांत हा निजलेला ओंडकाही एक आहे. आता ओंडके सिमेंटचे झाले, आणि प्रवाशाला 'स्लीपर' म्हणजे निजण्याचा डबा एवढाच अर्थ उरला.

टपालगाडीचे देणेही थोडे नाही. 'कोच' तिचाच. 'गार्ड' म्हणजे टपालाच्या रक्षणास बंदूक घेऊन मागे बसणारा शिपाई. 'बुकिंग' म्हणजे प्रवाशाचे नाव सराईतल्या वहीत लिहून घेणे. आरंभी आगगाडीवरही असे कागद लिहीत बसत. मग थॉमस एडमंडसन ह्या स्टेशनमास्तराने, जो पूर्वी लाकडी सामान घडवणारा कारागीर होता, छापील आकडे घातलेले पुठ्ठ्याचे लहान तिकीट काढले. आपल्या पिढीने लहानपणी जे जपून ठेवले ते हेच तिकीट. वहीतले लिहिणे संपले तरी खिडकीवर नाव 'बुकिंग'च राहिले. गार्डाचे मात्र तसे झाले नाही. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वे बोर्डाने त्यास 'ट्रेन मॅनेजर' हे नाव दिले, आणि शिट्टी व हिरवा बावटा घेऊन शेवटच्या डब्यात उभा असलेला गार्ड निदान कागदोपत्री तरी नाहीसा झाला.

'स्टेशन' ह्या शब्दाशी आमचे नाते दुहेरी आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ उभे राहणे, उभे राहण्याची जागा. आपल्या 'स्था' धातूचा तो सख्खा चुलतभाऊ. म्हणून 'स्थानक' हा प्रतिशब्द करणाऱ्याने भाषांतर केले असे न म्हणता दोन भावांची भेट घडवली असे म्हणावे. पण हिंदुस्थानात रेल्वे येण्यापूर्वीही 'स्टेशन' होते. साहेब लोक जेथे नेमणुकीवर राहत ते स्टेशन. 'हिल स्टेशन' हा शब्द त्यातूनच आला, आणि रजेच्या अर्जात आम्ही जी 'स्टेशन सोडण्याची परवानगी' मागतो तीतले स्टेशनही तेच. त्याचा आगगाडीशी संबंध नाही. परवानगी मिळाल्यावर मात्र माणूस थेट दुसऱ्या स्टेशनाकडेच धावतो.

स्टेशनच्या नावांना लागणारी शेपटे हा आणखी एक विषय. 'जंक्शन' मराठीत इतके मुरले की जेवण जंक्शन होते नि भांडणही जंक्शन होते. 'रोड' ह्या शेपटाने मात्र नवख्यास फसवले आहे. नाशिक रोड काय नि आबू रोड काय, ह्याचा खरा अर्थ 'गाव येथे नाही, येथून रस्ता जातो' असा आहे. 'टर्मिनस' हा तर देव आहे. रोमन लोकांत शेताच्या शिवेवरच्या दगडाचा देव तो टर्मिनस. त्या दगडाची ते पूजा करीत, जशी आपल्या गावच्या शिवेवरच्या शेंदूर फासलेल्या दगडाची होते. बोरीबंदरावरच्या भव्य इमारतीस १८८७ साली 'व्हिक्टोरिया टर्मिनस' हे नाव मिळाले. १९९६ साली व्हिक्टोरिया गेली आणि छत्रपती शिवाजी आले. २०१७ साली नावात 'महाराज' हे पद घालण्यात आले. शिवेचा रोमन देव दोन्ही वेळा जागच्या जागी राहिला.

आता हे शब्द आपल्या मजुरांच्या तोंडी कसे आले ते पाहावे. आमच्या मते सगळ्या प्रकरणातला मोलाचा भाग हाच. भोर घाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली पुरे झाले. पंधरा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढ, पंचवीस बोगदे, आणि कोठे कोठे सदतिसास एक असा उतार. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे आला आणि काही आठवड्यांतच मरण पावला. त्याच्या पत्नीने, अॅलिस ट्रेडवेलने, कंत्राट सोडले नाही, ते पुरे करवून घेतले. ह्या तिघांची नावे इतिहासात आहेत. १८६१ साली ह्या एका घाटात बेचाळीस हजारांवर माणसे राबत होती. त्यांची नावे कोठे नाहीत. पटकीने माणसे पटापट मरत, काम सोडून पळत, नवी येत. साहेब इंग्रजी बोलणार, मजूर मराठी, तेलुगू, हिंदुस्थानी, मध्ये 'मुकादम'. ह्या मुकादमाने नि त्याच्या माणसांनी जे शब्द पाडले, ते आज आपण 'मराठी' म्हणून वापरतो. टनेल म्हटले तर त्यांनी 'बोगदा' सांगितला. बॅलास्टला 'खडी'. लेव्हल क्रॉसिंगला 'फाटक'. कॅरेजला 'डबा', जणू प्रवासी म्हणजे फराळाचे जिन्नस. प्लॅटफॉर्म त्यांच्या जिभेवर चढेना, त्याचा 'फलाट' झाला. आणि तो शब्द इतका सरळ उतरला की तो परका आहे हे सांगावे लागते. सर्वांत सुंदर 'सांधा'. एका रुळावरून गाडी दुसऱ्या रुळावर जाते त्या जागेस इंग्रजांनी 'पॉइंट' म्हटले, म्हणजे टोक. आमच्या माणसाने टोक पाहिले नाही. त्याने दोन हाडे जेथे मिळतात ती जागा पाहिली. उलट दिशेनेही देवघेव झाली. 'घाट' इंग्रजीत गेला, 'नाला' गेला, 'बंड' गेला, 'मुकादम'ही रेल्वेच्या इंग्रजी कागदपत्रांत जाऊन बसला.

घाटात एक शब्द मात्र जसाच्या तसा राहिला: 'कॅच साइडिंग'. उतारावर गाडीचा ब्रेक सुटला तर तिला मुख्य मार्गावरून काढून चढावर घालावयाचे, म्हणजे ती आपसूक थांबते. त्यासाठी डोंगराकडे वळवलेला तो फाटा. साधी साइडिंग म्हणजे मुख्य मार्गापासून बाजूस काढून गाडी उभी करण्याची जागा. 'त्याला साइडिंगला टाकले' हा वाक्प्रचार कोणत्या खात्यात नाही, ते वाचकांनीच सांगावे.

रुळांमधल्या अंतराचा शब्द 'गेज'. इंग्लंडचे प्रमाण ४ फूट ८॥ इंच. आपल्याकडे लॉर्ड डलहौसीचा आग्रह ६ फुटांचा होता. अखेर ५ फूट ६ इंच ठरले. मग १८७० साली खर्च वाचवण्यासाठी मीटर गेज मंजूर झाले, आणि देशभर दोन प्रकारच्या गाड्या धावू लागल्या. ह्यात काय बचत झाली असेल ती असो. ज्या स्टेशनावर दोन गेज भेटत तेथे प्रत्येक पोते एका वाघिणीतून दुसरीत माणसाच्या पाठीवरून जाई. आमच्या मनमाडला ते चाले. कागदावर ह्याला 'ट्रान्शिपमेंट' म्हणत. हमालाला त्यासाठी निराळा शब्द लागला नाही.

शब्द नेमका असणे ही रेल्वेत केवळ हौस नसते. दोन स्टेशनांत एका वेळी एकच गाडी असावी, आणि पुढच्या स्टेशनमास्तराने 'लाइन क्लिअर' दिल्यावाचून मागच्याने गाडी सोडू नये, ह्या एका नियमावर लाखो जीव अवलंबून असतात. येथे 'जवळजवळ मोकळी' हा शब्द चालत नाही. म्हणून बोलण्यावर भरवसा न ठेवता पुष्कळ ठिकाणी खुणेचा आकडा एकमेकांस सांगून तो वहीत नोंदवितात. सिग्नलची भाषाही अशीच. जुन्या सिग्नलचा हात आडवा असला म्हणजे थांबावयाचे, खाली पडला म्हणजे निघावयाचे. म्हणून आपल्या लोकांत 'सिग्नल पडला' ही आनंदाची वार्ता ठरली. पुढे काही मार्गांवर हात वर उचलणारे सिग्नल आले, नंतर नुसते दिवे आले. पण लोकलची वाट पाहणारा मुंबईकर हिरवा दिवा पाहून अजून 'पडला' असेच म्हणतो.

हे सारे शब्द आता एक तर बदलले जात आहेत किंवा नुसतेच विरत आहेत. गँगमनचा 'ट्रॅकमन' झाला, ट्रॅकमनचा 'ट्रॅक मेंटेनर' झाला. २०१६च्या रेल्वे अंदाजपत्रकात कुलीस 'सहायक' म्हणावे असे ठरले. कुली हा शब्द अपमानाचा होऊन बसला होता, तेव्हा तो जावा हे योग्यच. परंतु नाव बदलले म्हणून पाठीवरचे ओझे हलके होत नाही. सांधेवाल्याचे काम विजेच्या यंत्राने घेतले, आणि त्याबरोबर 'सांधेवाला' हा शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडी उरला. दुसरीकडून शुद्ध शब्द घडवण्याचाही खटाटोप झाला. 'लोहपथगामिनी' हा शब्द खरोखर कोणी गंभीरपणे सुचवला असो वा थट्टेने, तो हसण्यापलीकडे कोणी वापरला नाही. लोकांनी 'डबा' वापरला, 'फलाट' वापरला. शब्द घडवण्याचे काम समितीपेक्षा मुकादम बरे करतो, असे आमचे प्रामाणिक मत आहे, मग समितीतील आमचे स्नेही रागावोत.

आम्हां बाहेर राहणाऱ्यांची अडचण निराळीच आहे. आमची मुले 'रूळ' म्हणत नाहीत, 'पटरी' म्हणतात. त्यांच्या तोंडी 'फाटक' टिकते, कारण तो हिंदीतही आहे, आणि 'फलाट' नाहीसा होतो, कारण तो नाही. सुटीत आजोळी जाताना गाडी मनमाड-भुसावळच्या अंगणात शिरली की आजूबाजूच्या बोलण्यात हे शब्द पुन्हा ऐकू येऊ लागतात. तेवढाच त्यांचा अभ्यास. उलट, ज्या मुलखात आपण राहतो तेथेही गँगमननी व हमालांनी असेच शब्द पाडलेले आहेत, ते आपल्या कानांवर रोज पडतात. उत्तरेत फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या खोपटीस 'गुमटी' म्हणतात. कानपुरात 'गुमटी नंबर पाच' नावाची मोठी बाजारपेठच आहे, आणि तेथे कापड घेणाऱ्यास ह्या गुमटीचा रेल्वेशी काय संबंध हे ठाऊक नसते. तमिळनाडूत रुळाला 'तंडवाळम्' म्हणतात. आसनसोलला काय म्हणतात, गुंटकलला काय म्हणतात, खरगपूरच्या कारखान्यात खलाशी आपल्या हत्यारांना कोणत्या नावांनी हाका मारतात, हे त्या त्या ठिकाणी नेमणुकीवर असलेल्या वाचकांनी ऐकून टिपून ठेवावे आणि संपादकांकडे पाठवावे. पुढच्या बदलीचा हुकूम येण्याच्या आत झाले तर बरे.